जॅग्वारची विक्री ९७.५ टक्क्यांनी पडली, ती जाहिरातीमुळेच का?

दुपारचा_चहा

व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे जॅग्वारचं नोव्हेंबर २०२४ चं रिब्रँडिंग केस म्हणून मांडायचं आहे. भडक रंगाच्या कपड्यांतली माणसं लिफ्टमधून बाहेर पडतात आणि अख्ख्या ३० सेकंदांत गाडीच दिसत नाही, तीच ती जाहिरात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी कहाणी अगदी सरळ आहे: जाहिरात आली, लोक भडकले, युरोपातली विक्री ९७.५ टक्क्यांनी कोसळली, सीईओ घरी गेला. इतकी सरळ कहाणी दिसली की शंका येते.

तर विचारायचं ते असं. हा ९७.५ चा आकडा खरा आहे का, आणि तो जाहिरातीच्या खात्यावर टाकता येतो का? 'लोगो बदलला' यापलीकडे नेमकं काय काय बदललं? एवढी बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने जुनं परत का आणलं नाही? शेवटचा प्रश्न केसबाहेरचा आहे. मेहुण्याला पुण्यात २०१८ ची डिझेल एफ-पेस बरीच स्वस्त मिळते आहे. जॅग्वारने जुन्या सगळ्या गाड्या बंद केल्या म्हटल्यावर सुटे भाग मिळतील ना?

टाटांनी काय करायला हवं होतं यावर कृपया इथे नको. त्यासाठी दुसरा धागा आहे आणि तो २०० प्रतिसादांवर गेला आहे.

---

आकडेमोड

आकडा खरा, अर्थ खोटा.

युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या (एसीईए) नोंदणी तक्त्यात जॅग्वारसमोर एप्रिल २०२४ ला १,९६१ आणि एप्रिल २०२५ ला ४९ असे आकडे आहेत. फरक १,९१२, म्हणजे ९७.५ टक्के. गणितात काही खोट नाही. पण दुकानात माल होता का, हे कुणी विचारलंच नाही.

आता तारखा लावून बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे सीईओ थिएरी बोलोरे यांनी 'रीइमॅजिन' योजना जाहीर केली: २०२५ पासून जॅग्वार फक्त इलेक्ट्रिक. बरंच काम झालेली इलेक्ट्रिक एक्सजे त्याच वेळी रद्द केली. २०२४ च्या मध्याला कासल ब्रॉमिचच्या कारखान्यातून एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप निघणं थांबलं. ऑस्ट्रियात ग्राट्समध्ये मॅग्ना स्टायरकडून बनवून घेतल्या जाणाऱ्या ई-पेस आणि आय-पेस त्याच वर्षाच्या शेवटी बंद झाल्या. खुद्द ब्रिटनमध्ये नव्या जॅग्वारची विक्री नोव्हेंबर २०२४ मध्येच थांबवली. उरली एकटी एफ-पेस, तीही काही बाजारांपुरती. एप्रिल २०२५ मधल्या त्या ४९ गाड्या म्हणजे तळाला राहिलेला साठा.

दिवाळी झाल्यावर आकाशकंदिलांचं दुकान आवरलं आणि डिसेंबरात विक्री शून्य आली, म्हणून कंदिलाच्या रंगाला दोष देण्यासारखं आहे हे.

मुलांना दाखवायचा आलेख वेगळा आहे. २०१८ मध्ये जगभरात जॅग्वारच्या सुमारे १ लाख ८० हजार गाड्या विकल्या गेल्या. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये सुमारे ६७ हजार. २०२४-२५ मध्ये सुमारे २७ हजार. हे तीन ठिपके जोडा आणि नोव्हेंबर २०२४ वर एक उभी रेघ मारा. सगळ्यात मोठी घसरण, १ लाखाच्या वरची, रेघेच्या डावीकडे दिसेल. आजारपण आधीचं आहे, जाहिरात नंतरची.

आजार काय होता? एक्सई आणि एक्सएफ या गाड्या बीएमडब्ल्यू ३ आणि ५ सिरीजच्या अंगावर सोडल्या होत्या. बीएमडब्ल्यूचा खप कितीतरी पट, त्यामुळे साचे, डाय आणि विकासाचा खर्च तिथे प्रत्येक गाडीमागे थोडा थोडा बसतो. जॅग्वारने अ‍ॅल्युमिनियमची महागडी बॉडी घेतली आणि तो खर्च वाटून घ्यायला गाड्याच पुरेशा खपल्या नाहीत. बंद केलेल्या मॉडेलवर कंपनीला जवळपास काहीच सुटत नव्हतं, हे एड्रियन मार्डेल यांनी सीईओ असताना सांगितलेलं आहे. त्याच २०२४-२५ मध्ये जेएलआरचा (टाटांची जॅग्वार लँड रोव्हर कंपनी) करपूर्व नफा २.५ अब्ज पौंड होता, दहा वर्षांतला सर्वांत चांगला. त्यांच्या सुमारे ४ लाख गाड्यांत जॅग्वारचा वाटा ७ टक्क्यांच्या आत. घर चालवत होत्या रेंज रोव्हर आणि डिफेंडर.

सीईओचं म्हणाल तर मार्डेल कंपनीत ३५ वर्षं होते. निवृत्ती ३१ जुलै २०२५ ला जाहीर झाली. ट्रम्प यांनी ४ ऑगस्टला पोस्ट टाकून तिचा संबंध जाहिरातीशी जोडला आणि तिथून ती कहाणी पक्की झाली. नंतर टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या खुर्चीवर आले. अजून एक धोक्याचं वळण: २०२५-२६ चे आकडे या केसमध्ये अजिबात घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जेएलआरचे कारखाने सुमारे पाच आठवडे बंद होते. त्या वर्षाच्या आकड्यांतून कुठलाच धडा स्वच्छ निघत नाही.

---

वळणदार

लोगोबद्दल. एक बदल नाही, चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा दर्जा सारखा नाही. वर्गात त्या सुट्या करून दाखवा.

पहिली म्हणजे नावाची अक्षरं. आधी सगळी रोमन कॅपिटल होती. आता जे, जी आणि यू मोठे, दोन्ही ए आणि आर लहान वळणाचे. गोलसर, एकसारख्या जाडीची रेघ, टोकदार काही नाही. कागदावर मोठं छापलं की बरं दिसतं. अडचण वाचनात आहे. शब्दात सगळीच मोठी किंवा पहिलंच मोठं अक्षर बघायची डोळ्याला सवय असते. मोठी-लहान अक्षरं मध्येच अदलाबदल झाली की ती सवय मोडते आणि डोळा 'जी-यू'वर अडखळतो. जवळपास नव्वद वर्षांची ओळख असलेल्या नावाला हा अडखळा परवडतो, असा डाव होता. नव्या नावाने हा धंदा करू नये.

दुसरी गोष्ट, झेप घेणारं जनावर. १९३८ मध्ये गॉर्डन क्रॉस्बी यांच्या हातून बॉनेटवरचं ते शिल्प आलं. ते काढलेलं नाही, हे अर्ध्या टीकाकारांना माहीतच नव्हतं. आता ते आडव्या पट्ट्यांवर, पितळेसारख्या धातूत कोरल्यासारखं येतं. माझ्या मते सगळ्या संचात हीच गोष्ट सर्वांत चांगली. नेमकी तीच जाहिरातीत कुणाच्या लक्षात राहिली नाही.

तिसरी, गोलातला जे आणि आर. उलटा केला तरी तसाच वाचता येतो. हुशारी आहे, पण दिसतो पर्सच्या बकलसारखा. चाकाच्या मधोमध बसवल्यावर तो फिरतो, म्हणून उलटसुलट सारखा असण्याला तिथे खरा उपयोग आहे. आणि चौथी, जी गेली ती: समोरच्या जाळीवरचा गुरगुरणारा चेहरा, ज्याला तिथले लोक 'ग्राउलर' म्हणतात. लोकांचा जीव होता तो याच्यात. जुन्या गाडीच्या मालकाला लोगो म्हटल्यावर हाच आठवतो. झेप घेणारं जनावर ठेवून चेहरा काढणं म्हणजे आडनाव ठेवून हाक मारायचं नाव बदलणं.

आता आपल्याकडचा एक मुद्दा, मुलांना हात घालायला चांगला. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. देवनागरीला लहान-मोठी अक्षरं नाहीतच. म्हणजे या नव्या अक्षररचनेची सगळी गंमत मुंबई-पुण्याच्या पाटीवर शून्य होते. 'जॅग्वार' लिहिताना उरतं काय, तर रेघेची जाडी, वळणाचा गोलपणा, दोन अक्षरांमधली जागा आणि 'ग्वा'ची जोडणी. मुलांना तेवढंच सांगा: इंग्रजी लोगो झाकून ठेवा आणि हे तीन-चार गुण वापरून देवनागरी पाटी काढा. ज्याच्या पाटीवरून मूळ ब्रँड ओळखू येईल त्याला लोगो कळला. कुठल्याही लोगोची आणखी दोन मापं घ्या. १६ पिक्सेलच्या चौकोनात, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर, काय उरतं? आणि एका रंगात, ग्रेडेशनशिवाय, रबरी शिक्क्यावर काय उरतं? गोलातला जे-आर दोन्हींत टिकतो. पट्ट्यांवरचं जनावर शिक्क्यावर काळा ठिपका होतं.

शब्दांबद्दल एकच. 'कॉपी नथिंग' ही ओळ आजच्या कुणा एजन्सीच्या डोक्यातून आलेली नाही. जॅग्वार कशाचीही नक्कल नसावी, हे संस्थापक विल्यम लायन्स यांचं सूत्र. वारसा त्या जाहिरातीत होता, फक्त तो कुणाचा हे सांगितलं नाही. आणि शेजारी 'क्रिएट एक्झुबरंट', 'डिलीट ऑर्डिनरी' अशी व्याकरणाशी भांडणारी वाक्यं ठेवली की लायन्सची ओळही त्याच पोरखेळात जमा होते.

---

काडीपेटी

वा, म्हणजे जाहिरात निर्दोष, लोकच अडाणी. एक्सईचा मालक जो ३०-३५ हजार पौंडांच्या गाडीत बसलेला आहे त्याला तुम्ही सांगता की पुढची गाडी १ लाख पौंडांच्या वर. जुने गिऱ्हाईक फारसे बरोबर येणार नाहीत हे कंपनीने धरूनच चाललेलं होतं. ठीक, धंदा तुमचा. पण मग त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामवरच्या जुन्या सगळ्या पोस्ट पुसून का टाकायच्या? ई-टाइपचे, म्हणजे जॅग्वारच्या जुन्या नावाजलेल्या गाडीचे, फोटो काय जागा खात होते? मस्कने विचारलं, तुम्ही गाड्या विकता का. टोमणा होता, पण उत्तर खरंच 'सध्या नाही' असं होतं! कंपनीवाले बिचारे मायामीत चहाला या म्हणून आमंत्रण देत बसले.

---

आकडेमोड

काडीपेटी, यात तुमच्याशी भांडण नाही. जाहिरातीने विक्री मारली नाही, एवढंच माझं म्हणणं. चूक क्रमात आहे.

१९ नोव्हेंबरला जाहिरात. टाइप ००, म्हणजे दाखवायची गाडी, मायामीत २ डिसेंबरला. मधले १३ दिवस कंपनीकडे बोट दाखवायला वस्तू नव्हती आणि लोकांकडे भरपूर वेळ होता. ती पोकळी कुणी भरली ते आपण पाहिलं. गाडी आली तेव्हा तिच्यावर बोलण्यासारखं बरंच होतं: इलेक्ट्रिक असूनही लांबलचक बॉनेट, २३ इंची चाकं, मागची काच नाहीच, मागचं बघायला कॅमेरे, आत पितळ आणि दगड. उत्पादनातल्या चार दारांच्या जीटीसाठी (लांब पल्ल्याची आलिशान गाडी) एका चार्जला डब्ल्यूएलटीपी या प्रमाण चाचणीच्या मापाने ७७० किमीपर्यंतचं लक्ष्य, आणि १५ मिनिटांच्या चार्जमध्ये ३२१ किमी. 'लंडन ब्लू' हा तिचा रंगही साठच्या दशकातल्या ई-टाइपच्या निळसर रुपेरी छटेवरून घेतलेला. १९ तारखेच्या फिल्ममध्ये शेवटच्या पाच सेकंदांत ते लांब बॉनेट सरकत गेलं असतं तरी मस्कला विचारायला प्रश्न उरला नसता.

आता परत का फिरले नाहीत. वर्गात गॅप आणि ट्रॉपिकाना ही दोन उदाहरणं कुणीतरी काढेलच. गॅपने ऑक्टोबर २०१० मध्ये लोगो बदलला आणि आठवड्याच्या आत मागे घेतला. ट्रॉपिकानाने जानेवारी २००९ मध्ये संत्र्यातल्या स्ट्रॉचं खोकं काढून नवं आणलं, विक्री सुमारे २० टक्क्यांनी पडली, फेब्रुवारीत जुनं खोकं परत. दोन्हीकडे आतला माल तोच होता. वेष्टन बदलायला छापखान्याला फोन पुरतो. जॅग्वारच्या बाबतीत जुन्या लोगोखाली ठेवायला गाडीच नव्हती. कासल ब्रॉमिचमधली असेंब्ली बंद, ऑस्ट्रियातला करार संपलेला, नवी जीटी ब्रिटनमधल्या सॉलिहलच्या कारखान्यात आणि तीही जेईए या फक्त बॅटरीसाठी आखलेल्या पायावर (प्लॅटफॉर्मवर). त्यात इंजिन बसवायला जागाच ठेवलेली नाही. ग्राउलर परत आणला असता तर तो रिकाम्या फडताळावर लावावा लागला असता.

म्हणून माझा निष्कर्ष असा की ही 'लोगो फसला' ची केसच नाही. उत्पादन बंद करणं, किंमत तिप्पट करणं आणि ओळख बदलणं ही तीन कामं एकाच वेळी काढल्याची केस आहे. त्यांतलं फुकटात बघता येण्यासारखं एकच होतं, ते लोकांनी बघितलं.

---

दहाचा_पाना

मेहुण्याच्या एफ-पेसकडे वळू या.

ब्रँडिंगचा आणि सुट्या भागांचा संबंध नाही, पण मॉडेल बंद होण्याचा आहे. गाडीचे भाग मनात दोन ढिगाऱ्यांत टाका. एफ-पेस आणि रेंज रोव्हर वेलार एकाच पायावरच्या. २.० डिझेल इंजिन इंजिनियम, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये बनणारं, तेच लँड रोव्हरच्या बऱ्याच गाड्यांत. गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा ८एचपी, जो बीएमडब्ल्यूपासून सगळीकडे आहे. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक यांची चिंता कमी. दुसरा ढिगारा फक्त एफ-पेसचा: हेडलॅम्प, टेललॅम्प, बंपर, दारं, बॉनेट, काचा, आतली ट्रिम. किंमत आणि वाट पाहणं दोन्ही इथे वाढणार. २०१७ च्या अखेरीपासून ही गाडी पुण्यात जुळवली जायची, पण किट बाहेरून यायचं. पुण्यात जुळली म्हणून हेडलॅम्प पुण्यात मिळेल असं नाही. दोन्ही हेडलॅम्पमध्ये पाणी किंवा धुकं आहे का, हे इंजिनाइतकंच बारकाईने बघा.

बॉडी बहुतांश अ‍ॅल्युमिनियमची, रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेली. ठोकून सरळ करण्याचा मामला नाही. साध्या गॅरेजात लोखंडाच्या ग्राइंडरची कीस अ‍ॅल्युमिनियमवर बसली की रंगाखाली फोड येतात, वर्ष-दोन वर्षांनी. म्हणून दाराच्या कडा, बॉनेटची पुढची कड आणि चाकाच्या कमानी बोट फिरवून बघा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र नेणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं न्या. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त यंत्र इथे काही दाखवत नाही आणि माणूस उगाच निर्धास्त होतो.

इंजिनात मुख्य भानगड टायमिंग चेनची. या डिझेलमध्ये चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन स्वतः महाग नाही. तिथे पोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, ती मजुरी मारते. खराब होण्याचं कारण बहुतेक वेळा तेल. ब्रिटनमध्ये या इंजिनाला ३० हजार किमीच्या पुढचा सर्व्हिस टप्पा दिलेला होता. आपल्या रहदारीत इंजिन किमीपेक्षा तासांनी जास्त चालतं. त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी जाळायला जादा डिझेल सोडलं जातं. गाडी मध्येच बंद केली की ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, तो ढिला पडतो, प्लास्टिकचे गाइड घासतात. वापरलेल्या तेलाची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर समजा डिझेल उतरलं आहे. २०१८ ची बीएस-४ गाडी असल्याने तिच्यात डीपीएफ आहे का हे अंदाजाने धरू नका. व्हीआयएन (गाडीचा चॅसी क्रमांक) देऊन पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघून घ्या.

तपासणीचा क्रम असा ठेवा. गाडी सकाळी बघायची आणि मालकाला आधीच सांगायचं की आम्ही यायच्या आत चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर नमस्कार करून दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करताना पहिल्या पाच-सहा सेकंदांत डॅशबोर्डच्या दिशेने, म्हणजे इंजिनाच्या मागून, खडखड येते का ऐका. नंतर गाडी सारखी चालल्यावर हा आवाज दबतो, दुपारी ऐकू येणारच नाही. मग स्कॅन. तोही फक्त इंजिनाचा नको, सगळ्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक छोट्या संगणकाचा. फॉल्ट नुकतेच पुसलेले आहेत का तेही त्यात कळतं. तेल बदललं कधी, याच्या पावत्या तारखेसकट मागा. दोन पावत्यांत १५ हजार किमीपेक्षा जास्त अंतर असेल तर भाव चेनच्या खर्चाने खाली आणा. गाडी घेतल्यावर ०डब्ल्यू-३०, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जेएलआरच्या स्पेसिफिकेशनचंच तेल, दर १० हजार किमी किंवा वर्षाला. घट्ट तेल घातलं की चेन वाचेल, हा गैरसमज आहे. थंडीत सुरू होताना ते टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं.

गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर बदलायचं नाही' असं सांगतील. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. फिल्टर तळाच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, पॅनसकट बदलावा लागतो. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्समधलं तेल ३० ते ५० अंशांत असताना. गरम गाडीत भरलं की कमी भरलं जातं आणि मग लोक म्हणतात, तेल बदललं आणि गिअरबॉक्स बिघडला.

गाडी दिल्लीतून आलेली असेल तर जरा थांबा. तिथल्या डिझेलवरच्या दहा वर्षांच्या मर्यादेच्या धास्तीने २०१८ च्या गाड्या इकडे ढकलल्या गेल्या आहेत. फॉर्म २८ ची एनओसी, २९ आणि ३० ची विक्री-हस्तांतराची कागदपत्रं, कर्ज असेल तर ३५, आणि इथला एकरकमी कर, हे सगळं धरून मग 'स्वस्त' म्हणा.

---

जुन्या_पाटीवरचं

केसला एक जोड देतो, कारण जॅग्वार हे नावच एका रिब्रँडिंगमधून आलेलं आहे.

१९२२ मध्ये ब्लॅकपूलला स्वॉलो साइडकार कंपनी सुरू झाली, मोटरसायकलींच्या साइडकार बनवायला. पुढे कॉव्हेंट्री, पुढे एसएस कार्स. महायुद्धानंतर 'एसएस' ही दोन अक्षरं गाडीवर ठेवणं अशक्य होतं. ती कुणाची ओळख झाली होती ते सांगायला नको. १९४५ मध्ये कंपनीचं नाव जॅग्वार कार्स झालं आणि दंगा झाला नाही. का? 'जॅग्वार' हे १९३५ पासून त्यांच्या गाडीचं नाव होतंच. गिऱ्हाईक आधीच 'माझी जॅग्वार' म्हणत होतं. लायन्स यांनी आडनाव काढलं आणि लोकांच्या तोंडातलं नाव वर आणलं. युद्धानंतरच्या पहिल्या गाड्याही युद्धापूर्वीच्याच होत्या, फक्त नव्या नावाने. थक्क करणारी नवी गाडी, एक्सके१२०, आली १९४८ मध्ये. म्हणजे आधी नाव, वस्तू ओळखीची. मग तीन वर्षांनी नवी वस्तू, नाव ओळखीचं. दोन्ही एकदम अनोळखी कधीच नव्हतं.

आपल्याकडे याच हिशेबाचं उदाहरण आकुर्डीत आहे. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं, मोटरसायकलवर सगळा भर. तेव्हाही लोक हळहळले. पण जानेवारी २०२० मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर विकायला काढली तेव्हा तिचं नाव चेतक ठेवलं, दिवा गोल ठेवला आणि बॉडी पत्र्याची. आत सगळं नवं: मोटर, बॅटरी, अ‍ॅप. बाहेर हात लावला की ओळखीचा ठण्ण आवाज. पत्रा प्लास्टिकपेक्षा जड आणि महाग, तरी ठेवला. चेतक आणि १ लाख पौंडांची जीटी यांची तुलना किंमतीत होणार नाही, पण एक रकाना मुलांना भरायला द्या: गिऱ्हाईकाच्या ओळखीचं काय काय उरलं? चेतकमध्ये नाव, दिवा, पत्रा. टाइप ००मध्ये लांब बॉनेट आणि एक निळा रंग. आणि १९ नोव्हेंबरच्या फिल्ममध्ये कोरी जागा.

---

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार. तीन ठिपक्यांचा आलेख, देवनागरी पाटी आणि वरचा रकाना हे तिन्ही घेतो. काडीपेटींचा प्रतिसाद नाव न घेता वाचून दाखवीन, अर्धा वर्ग त्यांच्याच बाजूने असणार.

दहाचा_पाना, तुमचं वाचून मेहुणा घाबरला आणि आता आय-पेस बघतो म्हणतो, चेनच नको म्हणून. बरं की वाईट?

---

दहाचा_पाना

चेन नाही, पण बॅटरी आहे. एकूण ९० किलोवॅट-तासांची, वापरता येणारी ८४.७. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये २०१९ च्या मॉडेलच्या सुमारे २,७०० आय-पेस आग लागण्याच्या धोक्यामुळे परत विकत घ्यायचं ठरलं. तोपर्यंत ८० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज करू नका आणि गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगितलं होतं. भारतात ही गाडी मार्च २०२१ पासून विकली गेली, म्हणून व्हीआयएन देऊन त्या गाडीवर कुठली रिकॉल बाकी आहे का आणि बॅटरीचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं का हे लेखी घ्या. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, यातलं जे आधी येईल ते. त्या काळात क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दावा करता येतो. म्हणजे २०२१ ची गाडी २०२९ पर्यंत. बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढल्याशिवाय डॅशबोर्डवरच्या किमीवर जाऊ नका. ते मागच्या चालवण्यावरून काढलेलं असतं.

आणि बिल्डिंगच्या तळघरात पार्किंग असेल तर सोसायटीला आधी विचारा. गाडी दारात आल्यावर सभा बोलावली की ती तीन महिने चालते.